हेड गॅस्केट उडालं आणि मी अंगणातच इंजिन उघडलं

पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात गाडीचा काटा लाल पट्टीकडे सरकायला लागला. पुढे उसाचा ट्रक, मागे एसटी, बाजूला घ्यायला जागा नाही. म्हणजे जागा होती, पण मला वाटलं एवढा चढ संपला की उतारावर थंड होईल. तसाच साधारण चार किलोमीटर गेलो. वर पोहोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ यायला लागली होती आणि इंजिन मिसिंग करत होतं. ते चार किलोमीटर मला पुढे अकरा दिवसांना पडले.

गाडी बाबांची. तीन सिलिंडरची, जुनी, छोटी पेट्रोल हॅचबॅक. आईबाबा रोज एमआयडीसीत चाळीस डबे पोचवतात ते याच गाडीतून. गॅरेजमध्ये दाखवल्यावर उत्तर आलं, "इंजिन काम निघणार, तीस हजार धरून चला, त्यात हेड क्रॅक असेल तर वेगळे." काय काय करणार ते विचारलं तर नीट सांगितलं नाही. मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण खरं सांगतो, तोपर्यंत मी स्वतः हाताने इंजिन उघडलेलं नव्हतं. बाबा म्हणाले, "तू तापवलीस ना, मग तूच बघ." ते रागात म्हणाले होते. मी ते मनावर घेतलं.

मोबाइलवर वाचणाऱ्या मंडळींसाठी हा लेख का, असं वाटेल. एक तर या सगळ्या कामात सगळ्यात जास्त वापरलेलं हत्यार फोनच होतं. आणि दुसरं, हेड गॅस्केट हा शब्द आपण सगळे ऐकतो, पण तो नेमका काय प्रकार आहे हे मला उघडेपर्यंत नीट कळलं नव्हतं.

गॅस्केट करतं काय?

इंजिनाचे मुख्य दोन भाग. खाली ब्लॉक, ज्यात सिलिंडर आणि पिस्टन असतात. वर हेड, ज्यात व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग असतात. या दोघांमध्ये जी जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीची चकती बसते ती हेड गॅस्केट. तिच्यात सिलिंडरसाठी मोठी गोल भोकं, आणि आजूबाजूला पाणी, ऑइल आणि बोल्टसाठी लहान भोकं. म्हणजे एकाच पातळ पत्र्यावर तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळू न देण्याची जबाबदारी: जळणारा गॅस, कूलंट आणि ऑइल.

जोर किती लागतो ते बघा. आमच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ३६ चौरस सेंटिमीटर. पूर्ण लोडवर पेट्रोल पेटतं तेव्हा आतला दाब ५० बारच्या आसपास जाऊ शकतो. टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो, त्याच्याशी तुलना करा. गुणाकार केला तर एका सिलिंडरमध्ये हेडला वर ढकलणारा जोर होतो जवळपास १८०० किलोचा. आमची अख्खी गाडी त्याच्या निम्म्याहून कमी वजनाची आहे. आणि ३००० आरपीएमला हा धक्का प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा बसतो. हेडचे आठ बोल्ट हे सगळं दाबून धरतात, आणि फट राहू नये हे काम गॅस्केटचं.

मग तापल्यावर ते जातं कशामुळे? आमचा ब्लॉक बिडाचा आहे, हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. ३० सेंटिमीटर लांबीचं हेड २० अंशांवरून १०० अंशांवर गेलं तर ते अर्धा मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त वाढतं. तेवढ्याच लांबीचा ब्लॉक वाढतो पाव मिलिमीटर. एवढा फरक गॅस्केट रोज सहन करतं, ते त्यासाठीच बनवलेलं असतं. पण पाणी संपलं की हेडचा काही भाग याच्यापेक्षा खूप जास्त तापतो, बोल्टने जखडलेलं असल्यामुळे त्याला पसरायला जागा मिळत नाही, आणि ते वाकतं. थंड झाल्यावर ते पुन्हा सरळ होत नाही. राहिलेल्या फटीतून पेटता गॅस सुटतो आणि गॅस्केट जाळत जातो.

तुमचा फोन गरम झाला की स्वतःहून स्लो होतो, चार्जिंग थांबवतो. जुन्या गाडीत असं काही नसतं. काटा लाल दाखवणं एवढंच ती करते, थांबायचं तुम्ही.

गॅस्केटच गेलंय हे कशावरून?

इथे घाई करू नका. गाडी तापली म्हणजे गॅस्केट गेलंच असं नाही, आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसला म्हणजे पाणी ऑइलमध्ये मिसळलंच असंही नाही. पावसाळ्यात रोज दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या बाष्पानेही तो थर येतो. डिपस्टिकवरचं ऑइलही चहासारखं दिसत असेल तर मात्र गंभीर.

आमच्याकडे तीन लक्षणं होती. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा पायप दगडासारखा टणक व्हायचा. पाणी अजून गरमही झालेलं नसताना दाब आला कुठून, तर सिलिंडरमधून. रेडिएटरचं झाकण काढून थंड गाडी चालू केली तर सतत बुडबुडे. आणि सायलेन्सरमधून पांढरा, किंचित गोडसर वासाचा धूर. (झाकण फक्त थंड गाडीचं काढायचं. गरम गाडीत आतलं पाणी दाबामुळे १०० अंशांच्या वर असूनही उकळत नसतं, आणि झाकण सैल केलं की एकदम उकळून तोंडावर येतं. यात चेहरे भाजलेले लोक आहेत.)

पक्कं केलं ते कॉम्प्रेशन टेस्टने. स्पार्क प्लगच्या जागी गेज लावायचा, इंधन आणि इग्निशन बंद करून स्टार्टर फिरवायचा. कॉलेजच्या लॅबमधून गेज मागून आणला. पहिल्या सिलिंडरला १७० पीएसआय, दुसऱ्याला ६५, तिसऱ्याला ६०. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेत म्हणजे त्यांच्यामधली गॅस्केटची अरुंद पट्टी जळली, हा जवळजवळ कागदावर लिहून दिल्यासारखा निकाल. आणखी एक टेस्ट असते, निळ्या द्रवाची. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून वरची हवा त्या द्रवातून खेचतात, त्यात एक्झॉस्टचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. ती मला लागली नाही.

खोलताना

पहिला दिवस मी एकही नट सोडला नाही. त्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवून फोनमध्ये ठेवलं आणि हेडचं प्रकरण दोनदा वाचलं. व्हिडिओ भरपूर आहेत आणि बघाच, पण व्हिडिओतला माणूस जो टॉर्क सांगतो तो त्याच्या इंजिनाचा असतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही आकडे वेगळे असतात.

मग फोटो. प्रत्येक पायप, सॉकेट, क्लिप काढायच्या आधी एक लांबून आणि एक जवळून, आणि काढताना बोलत व्हिडिओ: "हा पातळ पायप, थ्रॉटल बॉडीच्या डाव्या बाजूला." सगळे मिळून २१३ फोटो झाले. बोल्ट जुन्या डब्यांच्या झाकणांत, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि नंबर, आणि तोच नंबर कागदावर लिहून फोटोत. आईने ती झाकणं अजून परत मागितलेली नाहीत.

क्रम थोडक्यात असा. इंधन पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवली, म्हणजे पेट्रोलच्या लाइनमधला दाब गेला. बॅटरीची निगेटिव्ह काढली. थंड इंजिनातून कूलंट काढला आणि लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरला. तो गोड असतो आणि कुत्र्या-मांजरांसाठी विष आहे, अंगणात सांडलेला तसाच सोडायचा नाही. मग एअर फिल्टर, वायरिंग, इनटेक मॅनिफोल्ड. एक्झॉस्टच्या नटांनी अर्धा दिवस खाल्ला. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवले तरी एक स्टड तुटलाच.

टायमिंग बेल्ट काढण्याआधी पहिला पिस्टन वरच्या टोकाला आणून क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवल्या आणि फोटो काढला. टॅपेट कव्हर काढलं. आता हेडचे आठ बोल्ट. हे इंजिन पूर्ण थंड असतानाच, बाहेरून आत, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल करायचे. एकच बोल्ट एकदम सोडला तर सगळा ताण एका बाजूला येतो आणि चांगलं हेडही वाकू शकतं.

बोल्ट निघाले तरी हेड हलेना. अशा वेळी फटीत स्क्रू ड्रायव्हर घालावासा वाटतो. घालू नका! ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा म्हणजे पाण्याला नवीन रस्ता. मॅनिफोल्डच्या बाजूला लाकडाचा ठोकळा धरून हातोडीचे हलके ठोके दिले, आणि चिकट कागद सुटावा तसा आवाज येऊन हेड सुटलं. मी आणि शेजारचा मित्र, दोघांनी सरळ वर उचललं.

पुरावा समोरच होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये गॅस्केटवर काळा जळका पट्टा, बोटाच्या नखाएवढा तुकडा गायब. आणि गंमत म्हणजे पहिला पिस्टन कार्बनने काळा, तर तिसऱ्याचा माथा एका कडेला चकचकीत स्वच्छ. तिथे पाणी गळून वाफ होत होती, तिने कार्बन धुऊन काढला होता.

हेड सरळ आहे का

लोखंडी सरळपट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फिलर गेजची पाती सरकवून बघतात. आमच्या मॅन्युअलची मर्यादा ०.०५ मिलिमीटर, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहूनही कमी. आमच्याकडे मधोमध ०.१२ चं पातं आरामात जात होतं. हेड सरळ मशीन शॉपमध्ये नेलं. त्यांनी आधी दाब देऊन तडा आहे का ते तपासलं. नव्हता. ती दहा मिनिटं माझी सगळ्यात वाईट गेली, कारण तडा निघाला असता तर नवीन हेड, आणि मग गॅरेजवालाच बरोबर ठरला असता. नंतर फेसिंग केलं, तुटलेला स्टड काढून दिला, व्हॉल्व्ह लॅप करून दिले. फेसिंगमध्ये लागेल तेवढंच घासायला सांगा. जास्त काढलं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि ओव्हरहेड कॅम असेल तर टायमिंगही किंचित सरकतं. फेसिंगची कमाल मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

तोवर मी घरी ब्लॉकचा माथा साफ करत होतो. प्लास्टिकची पट्टी, थोडं थिनर आणि भरपूर वेळ. ग्राइंडरला पॉलिशची चकती लावून पाच मिनिटांत चमकवणारे व्हिडिओ आहेत, ते बघून मोह होतो. त्या चकतीचे कण ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत जातात आणि नवं गॅस्केट बसवलेलं इंजिन काही दिवसांत खालून खडखडायला लागतं. आणि खूप जुन्या गाडीचं मूळ गॅस्केट असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते कोरडं खरवडून धूळ उडवायची नाही.

सातवा बोल्ट

नवीन गॅस्केट ब्लॉकच्या पिनांवर बसवलं. वरची बाजू कोणती हे त्यावर छापलेलं असतं. उलटं बसलं तर हेडकडे जाणारं ऑइलचं भोक झाकलं जाऊ शकतं. वर कोणताही सिलिकॉन लावला नाही, मॅन्युअल सांगत नसेल तर लावायचा नसतो. हेड ठेवलं, बोल्टच्या आट्यांना हलकं ऑइल. काही इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, कारण घट्ट करताना ते मुद्दाम ताणले जातात. आमचे परत वापरता येणारे होते, तरी लांबी मोजून घेतली.

टॉर्क रेंचने मधून बाहेर, तीन टप्प्यांत. हा रेंच ठरलेला जोर आला की टक् करतो. पहिला टप्पा झाला. दुसरा झाला. तिसऱ्यात सातवा बोल्ट लगेच टक् झाला. मला आधी बरंच वाटलं, चला एक सोपा गेला. पण प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर मी मार्करने रेघ मारली होती आणि फोन स्टँडवर लावून रेकॉर्डिंग सुरू होतं. व्हिडिओ मागे घेऊन बघितला तर बाकीचे बोल्ट शेवटच्या टप्प्यात चांगले फिरले होते, सातवा जवळजवळ जागेवरच. आणि झूम केल्यावर त्याच्या डोक्याखाली बारीक फट दिसली.

बोल्ट काढला. टोक ओलं. हेड उचलताना ब्लॉकमधला उरलेला कूलंट त्या भोकात सांडला होता आणि मी भोकं वरवर पुसली होती. भोक खालून बंद असतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे बोल्ट पाण्यावर टेकतो आणि रेंचला वाटतं काम झालं. म्हणजे एक तर तो बोल्ट काहीच दाबत नव्हता, किंवा मी आणखी जोर लावला असता तर पाण्याच्या दाबाने ब्लॉकच चिरला असता.

आता प्रश्न गॅस्केटचा. त्यावर एकदा पूर्ण जोर बसला की ते दबून आपला आकार घेतं, पुन्हा वापरायचं नसतं. फोनची मागची काच उघडल्यावर जुनी चिकटपट्टी परत लावली तर पाणी आत जातं, तसंच. त्या रात्री मी बराच वेळ स्वतःला समजावत होतो की सातवा तेवढा काढून पुसून पुन्हा बसवला तर काय बिघडणार आहे. सकाळी बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, बाराशे रुपये काढून दिले आणि रिक्षात डबे भरायला गेले.

पुन्हा हेड उतरवलं. आठही भोकं कापूस गुंडाळलेल्या सळईने कोरडी केली आणि सायकलच्या पंपाला बारीक नळी लावून फुंकली. डोळ्यांना गॉगल, कारण आतलं सगळं वर उडतं. फोनचा टॉर्च लावून प्रत्येक भोकाचा तळ बघितला. या वेळी आठही रेघा जवळजवळ सारख्या फिरल्या.

चालू करताना

नवीन टायमिंग बेल्ट टाकला. एवढं उघडल्यावर जुना परत बसवणं हा वेडेपणा आहे. चावी लावण्याआधी क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळतात का बघितलं. टायमिंग चुकलं असेल आणि पिस्टन व्हॉल्व्हला लागत असेल तर हाताला अडकल्यासारखं कळतं. स्टार्टरने फिरवलं तर कळायच्या आत व्हॉल्व्ह वाकतात. ऑइल आणि फिल्टर नवीन. जुनं ऑइल गॅरेजला दिलं, ते गटारात ओतू नका.

जोडताना एक काळी वायर उरली. फोटो क्रमांक ८७ मध्ये सापडली: हेडच्या मागच्या बोल्टला येणारी अर्थिंगची वायर. ती तशीच राहिली असती तर सेन्सर वेडेवाकडे आकडे देत बसले असते आणि मी गॅस्केटला दोष दिला असता.

पण सगळ्यात महत्त्वाचं काम गॅस्केटचं नव्हतंच. गाडी मुळात तापली का? रेडिएटरच्या पंख्याला थेट बॅटरीवरून करंट दिला तर पंखा फिरला. रिले बदलला तर गाडीतूनही फिरला. हायवेवर समोरून वारा लागतो म्हणून महिनोन्‌महिने कळलं नाही, घाटात ट्रकच्या मागे पहिल्या गिअरवर वारा नाही आणि पंखाही नाही. रिले अडीचशे रुपयांचा. तो न बदलता नुसतं गॅस्केट टाकलं असतं तर पुढच्या घाटात पुन्हा तेच.

कूलंट भरून, झाकण उघडं ठेवून, हीटर गरमवर करून गाडी चालू केली. हवा बाहेर पडते तसतशी पातळी खाली जाते, भरत राहायचं. सायलेन्सरमधून दहा मिनिटं पांढरी वाफ येत होती, ते आतलं उरलेलं पाणी. मग थांबली. झाकण लावलं. काटा मधोमध आला आणि पंखा सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. तो आवाज ऐकायला बाबा डब्यांची पिशवी हातात घेऊन उभे राहिले होते.

सगळा खर्च, मशीन शॉप, दुसरं गॅस्केट आणि टॉर्क रेंच धरून साडेअकरा हजार. त्यात अकरा दिवसांचं रिक्षाभाडं मिळवा. कामाचे तास मोजले तर गॅरेज महाग नव्हतं, फक्त त्यांनी नीट सांगायला हवं होतं. तुम्ही पहिल्यांदाच पाना हातात घेणार असाल तर इथून सुरुवात करू नका, आधी ऑइल, प्लग, ब्रेक पॅड करून बघा. टर्बो किंवा डायरेक्ट इंजेक्शनची नवी गाडी असेल तर मीही अंगणात उघडणार नाही. आणि रेडिएटरमध्ये ओतायचं लीक बंद करणारं औषध विकत घ्यायचं मनात असेल, तर ते रेडिएटरच्या बारीक नळ्याही बंद करतं एवढं लक्षात ठेवा.

तीनशे किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदललं, आत थोडं पाणी राहिलं असेल तर निघून जावं म्हणून. कॉम्प्रेशन परत मोजलं: १७२, १६८, १७०. कूलंटच्या डब्यावर मार्करने रेघ मारली आहे आणि बाबा दर रविवारी थंड गाडीत तिचा फोटो मला पाठवतात. कालच्या फोटोत पाणी रेघेवरच आहे.